ज्यांची गौर, त्यांचा तेरडा

कोसाड, सुरत
आषाढ

प्रिय तेरड्या,

मृगानं यंदा नुसते ढग दाखवले. आर्द्रा लागल्या आणि पाऊस तापीच्या या अंगाला नीट बसला. तुझं बी मातीत टाकायचे दिवस आले, म्हणून तुला लिहिते आहे. मोगऱ्याला, पारिजातकाला, चाफ्याला मराठीत किती जणांनी किती वेळा आळवलं असेल. तुझ्या वाट्याला मात्र एक म्हण आली, आणि तीही दुसऱ्याला टोचून बोलायला. कुणाची हौस ओसरली, कुणाची माया विटली, की तुझ्या तीन दिवसांच्या रंगाचा दाखला द्यायचा. त्या म्हणीबद्दल मला बोलायचं आहेच, पण त्याआधी हिशेबाचं बोलते. आम्ही तुझं देणं लागतो. पिढ्यान् पिढ्या तुला मुळासकट उपटून घरात आणलं, पुजलं, बोळवलं. तुझ्यासाठी चिमूटभर बी पेरायची वेळ मात्र आमच्यावर कधी आली नाही. आता ती आली आहे.

आमचं मूळ रत्नागिरीकडचं. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौर येते, ज्येष्ठावर जेवते आणि मूळ नक्षत्रावर निघते. काही घरांत ती खड्यांची असते, काही घरांत उभ्याची, आणि आमच्यासारख्या पुष्कळ घरांत ती तुझीच. बायका पाणवठ्याकडं जातात, तेरड्याची रोपं हलक्या हातानं उपटतात, मुळांची माती धुतात, जुडी बांधतात आणि सुपात घालून घरी आणतात. उंबऱ्यावर तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळला जातो, हळदीकुंकवाची पावलं उमटतात, जुडीला मुखवटा चढतो, साडी नेसवली जाते. मुळं तोडायची नाहीत, हा दंडक. ती गौरीची पावलं. माझ्या आजीच्या हातून एखादं मूळ तुटलं तर ती ते रोप बाजूला ठेवून दुसरं घ्यायची.

हा सगळा रिवाज रानाच्या भरवशावर उभा राहिलेला आहे. कोकणात श्रावण सरता सरता बांध, गडगे, पायवाटांच्या कडा तुझ्या गुलाबी-जांभळ्या फुलांनी भरून जातात. घराघरानं मूठ मूठ उपटली तरी मागं अमाप रोपं राहतात आणि त्यांच्या बोंडांतून पुढच्या वर्षाचं बी पडतं. गौरीला न्यायचं आणि रानाला ठेवायचं, हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. शहर आलं आणि हा भरवसा सुटला. मुंबईत दादरच्या फुलबाजारात गौरीच्या आधी तुझ्या जुड्या येतात. डोंगराकडून त्या आणणाऱ्या आदिवासी बायकांना सणाच्या तोंडावर चार पैसे मिळतात. त्यांच्या कमाईकडं बोट दाखवायची माझी मुळीच इच्छा नाही. पण ज्या उतारांवरून तू येतोस ते उतार रस्त्यांनी, खाणींनी, बंगल्यांच्या वसाहतींनी आखूड होत चालले आहेत. आणि जुडीतलं प्रत्येक रोप ऐन फुलात, बी धरायच्या आत उपटलेलं असतं. आंब्याच्या डहाळ्या तोडल्या तर आंबा पुढच्या वर्षी पुन्हा पालवतो. तू एका पावसाचा धनी. तुझं सगळं पुढचं त्या एका हंगामाच्या बोंडांत असतं, आणि गौरीची तिथी नेमकी त्याच्या आधी पडते.

सुरतेत आम्हा कोकणी घरांची संख्या थोडी. गावाहून कुणी येणार असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून जुडी मागवायची, ती सुरत स्टेशनवर उतरेपर्यंत अर्धी मान टाकलेली. तेही नाही जमलं तर प्लास्टिकच्या पानाफुलांवर मुखवटा ठेवायचा. गौर पाण्यावरून येते म्हणतात, आणि आम्ही तिला दुकानाच्या पिशवीतून काढतो, याचं मला मनापासून वाईट वाटत आलं आहे. तुला कुंडीत वाढवायचं मी ठरवलं ते तिथून.

कोसाड तुला माहीत असायचं कारण नाही. तापी ओलांडली की उत्राण, त्यापुढचं स्टेशन कोसाड. भरूचकडे जाणाऱ्या लोकलला इथं थांबा आहे, फास्ट गाड्या धडधडत निघून जातात. सायणच्या साखर कारखान्यापर्यंत पसरलेली ही उसाची आणि भाताची काळी जमीन. गाव महापालिकेच्या हद्दीत आलं, आवास योजनेच्या इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या आणि नदीकाठच्या, रस्त्याकाठच्या वस्त्यांतली माणसं इथं राहायला आली. एका जिन्यात खानदेशी, ओडिया, उत्तर प्रदेशी, सौराष्ट्रातली अशी घरं. दुपारी बायका दारात बसून साड्यांचे धागे कापतात, टिकल्या चिकटवतात. जागा हातभर, तरी रंगाचे डबे, तेलाचे डबे, फुटक्या बादल्या यांत काही ना काही लावलेलं असतंच.

त्या डब्यांतून काय काय उगवतं ते मी बघत आले आहे. तुळस तर असतेच. बाकी सदाफुली, ती मादागास्करची. झेंडू मेक्सिकोचा. गुलबक्षी आणि बोगनवेल अमेरिका खंडांकडच्या. शेवंती चीनची. रस्त्यावरचा गुलमोहर पुन्हा मादागास्करचा. यातल्या कुणाबद्दल माझ्या मनात परकेपणा नाही. झेंडूशिवाय दसरा होत नाही, आणि आम्ही स्वतःच इथं बाहेरून आलेले. पण इतक्या पाहुण्यांत घरचं म्हणावं असं एकही पावसाळी रानफूल असू नये, ही गोष्ट मला खटकते. कुठलं झाड कुठलं, यानं फरक पडतोच. तुझाच एक हिमालयातला भाऊबंद 1839 मध्ये शोभेसाठी इंग्लंडला नेला गेला. तिथल्या नद्यांच्या काठांवर तो इतका माजला, की आता स्वयंसेवकांच्या टोळ्या दर उन्हाळ्यात त्याला उपटत फिरतात. हिमालयात त्याला रोखणारे किडे, बुरश्या, शेजारी झाडं होती. इंग्लंडात यांतलं कुणीच नव्हतं. झाडाचा स्वभाव त्याच्या शेजाऱ्यांसकट असतो. तुझे शेजारी इथं, या देशात आहेत. भारतात तुझ्या कुळातल्या दोनशेहून अधिक जाती सापडतात, निम्म्याच्या आसपास सह्याद्रीत, आणि त्यांतल्या बहुतेक जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. कास पठारावर भाद्रपदात जो गुलाबी गालिचा बघायला माणसं रांगा लावतात, त्यातही तुझा एक ठेंगणा चुलतभाऊ असतो. तू स्वतः मात्र त्यांच्यापेक्षा मोकळ्या स्वभावाचा. रानातही येतोस, परसातही नांदतोस.

तरी खरं ते सांगते. कोसाडची सपाट काळी जमीन तुझी नव्हे. तुला उतार हवा, निचरा हवा, झाडाची विरळ सावली हवी. तू दक्षिण गुजरातेत आहेस तो डांगात, सोनगडच्या पुढं चढत जाणाऱ्या टेकड्यांवर. सुरत-भुसावळ गाडीनं नवापूरला उतरलं तर फलाटाचा एक भाग गुजरातेत आणि एक महाराष्ट्रात आहे. पावसाळ्यात तिथून दोन्हीकडं जे हिरवे डोंगर दिसतात तो तुझा मुलूख. माझ्याकडचं पहिलं बी त्याच बाजूचं. रस्त्याकडेच्या दाट ताटव्यातून चार-सहा बोंडं घेतली, तेवढीच. राखीव जंगलातून, कासच्या पठारासारख्या ठिकाणाहून काहीही उचलायचं नाही, आणि विरळ ताटव्याला तर हातच लावायचा नाही, हे मी बी मागणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगते.

इथल्या मातीशी तुझं जुळवून द्यावं लागतं. नुसती काळी माती डब्यात भरली तर पावसात ती फुगून चिखल होते, उघडीप पडली की भेगाळते, आणि तुझा पाणीदार देठ बुंध्याशी सडतो. म्हणून एक भाग काळी माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. डब्याच्या तळाला चांगली मोठी भोकं आणि वर विटांचे तुकडे. खाली पाणी साठवणारी थाळी अजिबात नको. तुला ती मानवत नाही आणि महापालिकेच्या आरोग्य खात्यालाही नाही. 1994 च्या प्लेगनं हादरलेल्या या शहरात पावसाळ्यात कर्मचारी दारोदार फिरून कुंड्यांखालचं पाणी तपासतात, डासांच्या अळ्या शोधतात. या एका बाबतीत तुझं आणि त्यांचं अगदी एकमत आहे.

बी बारीक, तपकिरी, गोलसर. वर पातळसा मातीचा थर, जास्त नाही. आठवड्याच्या आत दोन जाड पानं वर येतात. इथं मला नेहमी थांबून बघावंसं वाटतं, कारण तू त्याच वेळी तुझं गुपित सांगून टाकतोस. ज्या रोपाचा कोवळा देठ लालसर, त्याला पुढं गुलाबी नाहीतर जांभळी फुलं येणार. ज्याचा देठ निखळ हिरवा, ते बहुधा पांढरं फुलणार. फुलायला अजून दोन महिने असतात, आणि रंग देठात आधीच आलेला असतो. गर्दी झाली तर पावसाळी संध्याकाळी रोपं उचलून वीतभर अंतरावर लावावी. खताची हाव धरू नये. जास्त खतानं तू नुसता पानांनी माजतोस. आणि जागा पूर्वेची. सकाळचं ऊन मिळालं की तुझं भागतं, दुपारचं टळटळीत ऊन तुला सोसत नाही.

आषाढात पेरलेला तू भाद्रपदात फुलतोस. पानांच्या बेचक्यांतून फुलं येतात, पानांखाली थोडी दडलेली, आणि प्रत्येक फुलाच्या मागं वळलेली बारीक नळी असते. मध त्या नळीच्या टोकाला. माशी पुढच्या पाकळीवर उतरते, आत घुसते, तेव्हा वरच्या परागकोशांचे कण तिच्या पाठीला लागतात. तुझे परागकोश एकत्र जुळून आतल्या स्त्रीकेसरावर टोपी चढवून बसलेले असतात. आधी ते परागकण देतात, मग टोपी गळून पडते आणि स्त्रीकेसर मोकळा होतो. एकाच फुलात आधी पुरुष, मग स्त्री. स्वतःचे परागकण स्वतःलाच पुरेसे होऊ नयेत, दुसऱ्या फुलाशी गाठ पडावी, म्हणून ही व्यवस्था. आणि ती गाठ बांधायला माशी किंवा फुलपाखरू हवंच. आमच्या तिसऱ्या मजल्यावर, खाली रिक्षांचा गोंगाट आणि समोर पत्र्याच्या शेड असताना, पोटावर निळसर पट्टे असलेली ती गुबगुबीत माशी तुझा माग काढत येते, तेव्हा मला या वस्तीबद्दल फार आशा वाटते.

तिच्यासाठीच एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते, आणि ती तुझ्या चाहत्यांनी ऐकावी. नर्सरीत तेरडा म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा दुहेरी असतो, गुलाबासारखा भरगच्च. तूच तो, पण लांबचा प्रवास करून आलेला. सोळाव्या शतकात तू युरोपात पोहोचलास, तिथल्या बागवानांनी पाकळ्या वाढवत नेल्या. पुढं अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांच्या बागेच्या वहीत 1767 मध्ये दुहेरी तेरडा लावल्याची नोंद आहे. ते फूल देखणं आहे, यात वाद नाही. पण त्या जादा पाकळ्या परागकोशांच्याच बदल्यात आलेल्या असतात आणि मधाकडं जायची वाट त्यांनी बुजलेली असते. माशी येते, घुटमळते, निघून जाते. घरी लावायचा तर एकेरी, रानातला तेरडा लावावा. पाकळ्या कमी असतील. पण गौरीला कधीही तोच चालत आला आहे.

माशीसोबत अळीही येते. काळपट, बोटाएवढी, दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे ठिपके आणि शेपटीला उभा काटा. बघणारा दचकतो. तेरड्याच्या पानांवर वाढणाऱ्या एका पतंगाची ती अळी; तो पतंग संध्याकाळी फुलांसमोर पंख फडफडवत हवेत तरंगून मध पितो. शेजारच्या मुलांना ती दाखवली की त्यांची भीती अर्ध्या तासात जाते. एखाद्या रोपाची पानं ती फस्त करते, करू दे. एक रोप तिचं म्हणून मी जास्तच लावते. फवारणी करायला सांगणारे भेटतात. पण रानफूल घरी आणायचं आणि त्याचं रान दाराबाहेर ठेवायचं, हे मला पटत नाही.

मग येतात बोंडं. लवदार, दोन्हीकडं निमुळती, फुगत जाणारी. पिकली की बोट लागायचा अवकाश, पाच कप्प्यांच्या साली टचकन आत वळतात आणि बी दूर उडतं. रानात ही तुझी ताकद. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मात्र तुझं बी थेट खालच्या डांबरावर जातं. यावर उपाय सुरतेनंच पुरवला. इथं साड्या-दुपट्ट्यांच्या नेटच्या कापडाच्या चिंध्या पोत्यानं मिळतात. त्यांच्या लहान पिशव्या शिवून फिकट पडू लागलेल्या बोंडांवर सैल बांधायच्या. वारा जातो, ऊन जातं, बी मात्र आत राहतं. आमच्या जिन्यातल्या धागे कापणाऱ्या बायकांनी त्या पिशव्या इतक्या सुबक शिवल्या, की तुझ्या रोपांना गुलाबी-मोरपिशी नेटची फुंदणं लागलेली बघायला लोक वर येऊ लागले. वाळलेलं बी कागदाच्या पुडीत, पुडी बरणीत, बरणी कोरड्या जागी.

आता ती म्हण. तीन दिवसांचा रंग ही गोष्ट तुझ्याबद्दल खरी आहे का? गौर तीन दिवस असते, उपटलेली जुडी तीन दिवसांत मलूल होते. ते बघून म्हण पडली असावी, असं मला वाटतं. मुळावर असलेलं रोप आठवडेच्या आठवडे फुलत राहतं. आणि रंगाचंच म्हणशील तर कोरियात जाऊन विचारावं. तिथं उन्हाळ्यात तुझ्या पाकळ्या आणि पानं तुरटीबरोबर ठेचून मुली नखांवर लावतात, पानात बांधून रात्रभर ठेवतात. सकाळी नखं केशरी. मेंदीत जो रंगकण असतो तोच, लॉसोन, तुझ्यातही आहे. म्हणून तो रंग धुतल्यानं जात नाही, नख वाढेल तसा सरकत जातो. पहिला बर्फ पडेपर्यंत तो टिकला तर पहिलं प्रेम सफळ होतं, अशी तिकडची समजूत. जपानच्या ताब्यात असलेल्या कोरियात 1920 साली होंग नान-पा यांनी एक चाल रचली, पुढं तिच्यावर तुझं गाणं लिहिलं गेलं आणि ते परतंत्र देशाचं दुःखगीत होऊन गेलं. आमच्या जिन्यातल्या मुलींनीही गेल्या भाद्रपदात हा प्रयोग केला. दिवाळीच्या फराळाला त्यांच्या नखांच्या टोकांवर तुझी केशरी कड तशीच होती. म्हण बदलावी, असा माझा आग्रह नाही. पण ती वापरणाऱ्यानं एकदा तुला मुळावर ठेवून बघावं.

सगळ्यात कठीण गोष्ट तुला वाढवणं ही नाहीच. ऑक्टोबरचं ऊन तापलं की तू पिवळा पडतोस, देठ लवतात, आणि महिन्याभरात कुंडीत वाळल्या काड्या. तिथून पुढच्या आषाढापर्यंत डबा रिकामा. येणारे-जाणारे विचारतात, हा मेला का? यात दुसरं काही लावत का नाही? बारा महिने फुलेल ते लाव, असा सल्लाही मिळतो. हातभर गॅलरीत एक जागा आठ-नऊ महिने नुसत्या मातीला द्यायची, हे बायकांना पटवणं सोपं नाही. मीही सगळे डबे तुला देत नाही. एक देते. त्या डब्यात मेथी नाही, कोथिंबीर नाही, कारण माती उकरली की आपसूक पडलेलं बी खाली जातं किंवा फेकलं जातं. वाळल्या काड्यांचा चुरा वरच पसरायचा आणि डबा कोपऱ्यात सरकवायचा. उन्हाळ्यात तो मुलांना दाखवताना मी सांगते की यात तेरडा आहे. ती अविश्वासाच्या नजरेनं माझ्याकडं बघत नाहीत. पाऊस पडून गेल्यावर चार दिवसांनी आपण होऊन बघायला येतात.

राहिला तो गौरीचा प्रश्न. तुला मुळासकट उपटावं की नाही? आमच्या घरात यावर बरीच चर्चा झाली. एक मत असं, की आता फोटोला किंवा मुखवट्याला तेरडा नुसता वाहावा, फुलं तोडून. झाड राहू द्यावं. दुसरं मत, मुळं नाहीत तर पावलं नाहीत, आणि पावलं नाहीत तर गौर आली कुठून? मी दुसऱ्या बाजूची. रिवाज सोडायचा नाही, पण त्याचा भरवसा रानावर होता तो आता आपल्या हातांवर घ्यायचा. ज्यांच्या घरी गौर, त्यांनी तेरडा पेरायचा. जितकी रोपं सुपात जातील तितकी तरी डब्यात बी धरायला राहिली पाहिजेत, आणि सुपातली निवडताना जी आधी फुलली, जोमदार आहेत, ती मागं ठेवायची, उशिराची न्यायची. नाहीतर दरवर्षी चांगलं तेच उपटून आपण बी दुबळं करत जाऊ. शेतकरी बियाण्याचं कणीस खात नाही, ही गोष्ट प्रत्येक घराला ठाऊक आहे. तीच तुला लावायची. विसर्जनाच्या दिवशी जुडी तापीत सोडायची गरज मला वाटत नाही. बादलीत बोळवण करून ती मी खताच्या डब्यात घालते. तिचीच माती पुढच्या वर्षी तुझ्या मुळांशी येते.

पुड्या बांधून झाल्या आहेत. अमरोलीत, उधन्याला, लिंबायतीत ज्या ज्या घरांत तेरड्याची गौर बसते असं मला ठाऊक आहे, तिथं एकेक जाईल. ज्यांना बी मिळेल त्यांनी पुढच्या वर्षी आणखी दोन घरांना द्यायचं, एवढीच अट. शाळांतही द्यायचं मनात आहे. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी शाळा या शहरात आहेत, त्यांच्या आवारांत भिंतीच्या सावलीला तुला हवी तशी जागा असते, आणि बोंड फोडायला मिळणार म्हटल्यावर मुलांना वेगळं समजवावं लागत नाही.

एका पुडीची गोष्ट मात्र सांगायची राहिली. आमच्या शेजारच्या मावशी अमळनेरकडच्या. गेल्या वर्षी मी त्यांना बी द्यायला गेले तर म्हणाल्या, “आमनी गवराई आखाजीले ऱ्हास.” खरंच आहे, खानदेशात गौराई अक्षय्य तृतीयेची, तेव्हा तुझा मागमूस नसतो. मी पुडी परत घेऊन निघाले. त्यांनी थांबवलं आणि विचारलं, “हाई फूल कानबाईले चाली का, ताई?” कानबाई ही खानदेशातली देवी, तिचा सण श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. आषाढात पेरलेला तू तोवर फुलत नाहीस. म्हणून यंदा त्यांनी तुला वैशाख संपता संपताच पेरलं, पाऊस नसताना सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी घातलं, दुपारच्या उन्हात डब्यावर साडीचा तुकडा ताणला. माझं बी आज मातीत जातं आहे. त्यांची रोपं गुडघ्याला लागली आहेत आणि वरच्या बेचक्यांत कळ्या धरल्या आहेत. कानबाईला तुला चालवून घेतात की नाही, हे त्यांच्या घरातल्या थोरल्या बाई ठरवतील.

तुझी,
कोसाडच्या तिसऱ्या मजल्यावरची एक गौरवाली